आयांच्या खोलीतला अंधार

१

खोली रिकामी होती. छताला टांगलेले मोठे दिवे जागच्या जागी होते, पाण्याच्या नळ्या होत्या, भिंतीतला पंखाही होता. ज्यांच्यासाठी हे सगळं बांधलं ती झाडं तेवढी नव्हती. दाराचं फोडलेलं कुलूप बाहेर गवतात पडलं होतं.

"आज पहाटे नेली," सार्जंट नॅन्टन म्हणाला. "चोरही सापडलाय. तुम्ही फक्त अहवाल द्या, बाई. म्हणजे मला नाताळ घरी करता येईल."

एलरिटा हॅकशॉने खोलीभर नजर फिरवली. परवाने देणाऱ्या कचेरीने तिला सकाळीच बेटाच्या राजधानीतून, किंग्सटाउनहून पाठवलं होतं. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली, आणि तिचं अर्धं आयुष्य आरारूटच्या रोगांवर काम करण्यात गेलं होतं. आधी बघायचं आणि मग बोलायचं, ही तिची सवय होती. ती गुडघ्यांवर बसली. जमिनीवर कुंड्यांच्या बुडाचे गोल डाग होते. डागांभोवती धरलेलं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. तिने एक पापुद्रा नखाने उचलला. बोटात येताच त्याचा भुगा झाला.

"चोर कोण?"

"एझिकिएल बॉब. सगळे पापा झीक म्हणतात. मागच्या कुंपणाशी उभा होता. हातात कोयता, खांद्यावर पोतं."

"पोत्यात काय होतं?"

"काही नाही. माल साथीदारांनी नेला असणार."

"म्हणजे माल पुढे गेला आणि म्हातारा रिकामं पोतं घेऊन तुमची वाट बघत थांबला."

नॅन्टनने टोपी काढून डोकं पुसलं. "बाई, तो माणूस तीनदा तुरुंगात जाऊन आलाय."

"कशासाठी?"

त्याने टोपी परत घातली.

"याच झाडासाठी ना?" एलरिटा उठली. तिचा आवाज चढला नव्हता, पण नॅन्टन एक पाऊल मागे सरकला. "सूफ्रिएर ज्वालामुखीच्या उतारावर गांजा लावला म्हणून आपण ह्या लोकांचे मळे जाळले, त्यांना बेड्या घातल्या. आता तेच झाड औषध झालं. आता म्हणतो, या खाली, संस्था काढा, काँक्रीट ओता, परवाना घ्या. आणि पहिलं कुलूप तुटल्याबरोबर बेडी परत त्याच हाताला."

"कायदा मी नाही केला."

"माहीत आहे. म्हणून तुमच्याशी अजून नीट बोलतेय."

परवान्याची मुख्य अट तिला पाठ होती, कारण ती तिनेच लिहिली होती. लागवड डोंगराच्या जुन्या जातीचीच करायची आणि त्या जातीचे मातृवृक्ष संस्थेने स्वतःच्या ताब्यात ठेवायचे. या झाडांना कधी फुलू द्यायचं नाही; त्यांच्या फांद्यांची कलमं करून सगळं पीक घ्यायचं. गावातले लोक त्यांना नुसतं 'आया' म्हणत. आया गेल्या आणि चोर सभासद निघाला, तर संस्थाच बाद. मग ही भिंत, हे दिवे, ही जमीन भागीदार परदेशी कंपनीच्या घशात.

आणि म्हातारा तुरुंगात. चौथ्यांदा.

२

चौकीच्या मागच्या खोलीत पापा झीक बाकावर ताठ बसला होता. समोरच्या ताटलीत तळलेला मासा आणि भाजलेला नीरफणस तसाच होता.

"जेवला नाहीत, पापा?"

"नीरफणस करपवलाय. एवढ्या वर्षांत ह्या चौकीला चूल पेटवता आली नाही."

"पहाटे कुंपणाशी काय करत होतात?"

"उभा होतो."

"कोयता घेऊन?"

"कोयत्याशिवाय मी देवळातही जात नाही. पाळकाला विचार."

"आणि पोतं?"

म्हाताऱ्याने ताटली बाजूला सरकवली. "तुला कचेरीने पाठवलंय ना, पोरी? मग लिही, म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही. तुझंही काम झालं, माझंही."

"माझं काम एवढ्यावर होत नाही. तुम्ही गप्प बसलात तर संस्था बुडते. एकटे तुम्ही नाही, सगळे."

"मी सांगितलं होतं, काँक्रीट ओतू नका. डोंगरावर झाडाला कधी दार लागलं नाही. दार केलं की कुलूप आलं, कुलूप आलं की चोर आला." तो थांबला. "राखेच्या वर्षी डोंगर फुटला तेव्हा ही झाडं मी डोक्यावरून खाली आणली. माझी बहीण वेरोना ओरडत होती, कोंबड्या आण, कोंबड्या आण. मी झाडं आणली. अजून नाताळला कोंबडी कापताना तिचा तोंडपट्टा चालू असतो."

"मग ती झाडं तुम्ही चोराल, यावर मी विश्वास ठेवू?"

"ठेवू नकोस."

"तर कुंपणाशी तुम्हाला कुणी बोलावलं?"

हा प्रश्न तिने अंदाजाने टाकला होता. म्हाताऱ्याची मान वर झाली आणि लगेच भिंतीकडे वळली.

"तीनही वेळा त्यांनी मला विचारलं होतं, बरोबर कोण होतं," तो हळू बोलला. "तीनही वेळा मार खाल्ला, नाव दिलं नाही. आता म्हातारपणी पोलिसांना नावं द्यायला शिकू?"

एलरिटा बाहेर आली. त्याने काही सांगितलं नव्हतं. पण नाव होतं, हे तिला कळलं होतं.

३

संस्थेचा अध्यक्ष लेनरॉय पॉम्पी तिला फाटकातच भेटला. वेरोनाचा मुलगा, पापा झीकचा सख्खा भाचा. मामाच्या झोपडीत, डोंगरावरच वाढलेला. पुढे कॉलेजात गेला आणि परत आला. परवान्याच्या अर्जासाठी कचेरीचे जिने झिजवले ते ह्यानेच. एलरिटाला तो आवडत असे.

"मामांना भेटलात?" त्याचे डोळे लाल होते. "जेवले का?"

"नाही."

"मी आईला काय सांगू, मिस हॅकशॉ? सकाळपासून घरी गेलो नाही." त्याने तिच्या हातात अंबाडीच्या लाल सरबताचा पेला दिला. "मामा रागात होते, हे खरं. काँक्रीट नको, कुंपण नको, रोज भांडण. पण चोरी? लोक काय वाटेल ते बोलताहेत."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मामा भोळे आहेत. त्यांना कुणीतरी वापरलं." त्याने मान वळवून खालच्या उताराकडे पाहिलं. तिथे वाळवणाच्या इमारतीवर पत्रे चढवले जात होते आणि एक उंच गोरा माणूस कामगारांवर खेकसत होता. "आया गेल्या, संस्था बुडाली, तर फायदा कुणाचा? तुम्हीच बघा."

तो माणूस म्हणजे मार्टेन, भागीदार कंपनीचा हॉलंडचा इंजिनिअर. सगळा आराखडा त्याचा. जागा निवडताना झालेल्या बैठकीत तो संस्थेतल्या म्हाताऱ्यांसमोर म्हणाला होता, "तुम्ही लोक झाडं वाढवत नव्हता, ती आपोआप वाढत होती." हे वाक्य एलरिटा विसरली नव्हती.

"आयांना शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच. काल संध्याकाळी. रोजच्यासारखं आयांना आणि कलमांना स्वतः पाणी घातलं. दिवे लख्ख चालू होते, पानं अशी टवटवीत." त्याने तळहात पसरून दाखवला. "पहाटे गावात सणाची गर्दी. मी आलो तर कुलूप फुटलेलं, आतली वीज बंद. चोराने आधी मुख्य बटण खाली ओढलं असणार."

"किल्ल्या?"

"दोन होत्या. मार्टेनची मी बांधकाम ताब्यात घेताना काढून घेतली. पण किल्लीची नक्कल काय, कुणीही करून ठेवतो."

कॅमेरे अजून बंदराच्या गोदीत खोक्यातच होते. नाताळच्या आधी ते कुणी सोडवून देणार नव्हतं. एलरिटाने सरबत संपवलं. मार्टेनचा गुन्हा सिद्ध व्हावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तेवढ्यासाठीच तिने आधी दुसरीकडे जायचं ठरवलं.

४

पहारेकरी कॅझबर्ट क्वाओ फाटकाच्या खोपटात ढोलाची दोरी आवळत बसला होता.

"पहाटे कुठे होतास?"

"इथेच, मॅडम."

"ढोल कुठे होता?"

कॅझबर्टने ढोलाकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच खोपटात शिरला. नाताळआधीच्या सणाच्या नऊ पहाटा चालू होत्या. या दिवसांत सगळं गाव अंधार असतानाच उठतं, नाचत रस्त्याने फिरतं आणि समुद्रात डुंबून परततं. अशा पहाटे ढोलवाला खुर्चीत बसून राहील, यावर कुणाचा विश्वास बसणार?

"एकच पहाट गेलो होतो," तो म्हणाला.

"कॅझबर्ट."

"रोज गेलो, मॅडम. पण माझ्याशिवाय त्यांचा ताल राहत नाही. तो दुसरा गाढव आहे, कुठेही थाप मारतो."

"आणि रात्री? आतले दिवे चालू असायचे?"

"हो. रोज. लख्ख."

"तुला इथून दिसायचे?"

त्याने उत्तर देण्याऐवजी बोट दाखवलं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत कुंपणावर रंगीत बल्बांच्या माळा होत्या. रोषणाईच्या चढाओढीत गावाचा नंबर यावा म्हणून संस्थेने डिसेंबर लागताच लावलेल्या. "हे पेटलं की इथून माझा पायसुद्धा मला दिसत नाही, मॅडम. पण दिवे चालूच असतात ना आत? बंद कोण करणार?"

"आयांच्या खोलीच्या दाराला गोल काच आहे. कधी डोकावलास?"

"डोकावून काय? रंग वाळत होता. दारावर पाटीच होती, आत येऊ नये, जमिनीला रंग दिला आहे. बरेच दिवस होती. म्हातारे चिडायचे, आम्हाला आमच्या आया बघू देत नाहीत म्हणून."

"पाटी कुणी लावली?"

"इंजिनिअरसाहेबांनीच असेल. पाट्या लावायची हौस त्यांनाच."

एलरिटा तडक परत त्या खोलीत गेली. जमीन पाहिली. शेवाळाचे गोल डाग जुन्या रंगावर होते, आणि डागांवर कुठेही नवा रंग नव्हता. इथल्या दमट हवेत कालचं पाणी आज सकाळी एवढं वाळून त्याचा भुगा होत नाही.

इथे रंग दिलेलाच नव्हता. आणि काल इथे कुणी पाणीही घातलं नव्हतं.

५

मार्टेनने तिला बघताच हातातला पाना खाली ठेवला. "या. मलाच अटक करायला आला असाल. सकाळपासून तुमचे लोक माझ्या अंगावर थुंकायचे बाकी राहिलेत."

"पाटी तुम्ही लावली होती? रंगाची?"

"कसली पाटी? त्या जमिनीला सहा वर्षं हात लावायची गरज नाही, असा रंग मी दिलाय. ताबा दिल्यापासून मला वरच्या बाजूला पाऊलही टाकू दिलेलं नाही. लेनरॉयने किल्ली काढून घेतली. म्हणाला, आता हे आमचं. ठीक आहे, तुमचं. मी खाली पत्रे ठोकतोय."

"माझ्याबरोबर रोपवाटिकेत चला."

आयांच्या खोलीला लागूनच जाळीच्या छताची रोपवाटिका होती. आयांच्या फांद्यांची कलमं तिथे पिशव्यांत वाढत होती. वरून बल्बांच्या ओळी गेल्या होत्या. मार्टेन तिच्या पुढे आत शिरला आणि चौथ्या पावलाला जागीच थबकला.

"संध्याकाळचे दिवे कुणी बंद केले?"

एलरिटा त्याच्याकडे बघत राहिली. तिने हे सकाळीच जाताजाता पाहिलं होतं, आणि आपल्याला जे दिसतंय ते त्यालाही दिसतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

मार्टेनने एका रोपाचा शेंडा बोटांत धरला. शेंड्याला बारीक पांढऱ्या केसांचा झुबका फुटला होता. शेजारच्याला, त्याच्या पलीकडच्याला, सगळ्या ओळीला. "ही फुलताहेत. ही फुलायला नकोत. ह्यांना संध्याकाळी बल्बचा उजेड देऊन दिवस मोठा आहे असं भासवायचं असतं. डिसेंबरात तुमच्याकडे रात्र मोठी. उजेड बंद झाला की झाड समजतं, वेळ आली, आणि फुलायला लागतं."

"किती दिवसांत?"

"एका पहाटेत नाही, एवढं तुम्हालाही माहीत आहे. दीड-दोन आठवडे तरी." तो तिच्याकडे वळला. "तुम्ही माझी परीक्षा घेताय."

"हो."

"पास?"

"ह्या बल्बांची लाइन कुठून येते?"

"आयांच्या खोलीतून. एकाच बटणावर. मी तारेची बचत केली, चूक झाली. वेगळी लाइन द्यायला हवी होती." आणि मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे खोलीतले दिवेसुद्धा…"

"तेवढेच दिवस बंद आहेत. झाडं आज पहाटे गेली नाहीत. ती डिसेंबरच्या सुरुवातीलाच गेली. रिकामी खोली काचेतून दिसू नये म्हणून कुणीतरी बटण खाली ओढलं, दारावर पाटी लावली, बाहेर कुंपणावर झगमगाट केला. आणि आज पहाटे, सगळं गाव समुद्राकडे असताना, स्वतःच कुलूप फोडलं."

"मी नाही."

"तुम्ही नाही," एलरिटा म्हणाली, आणि हे म्हणणं तिला आवडलं नाही. "तुम्ही असता तर बटण खाली ओढल्यावर रोपवाटिकेतली रोपं फुलणार, हे तुम्हाला आधी कळलं असतं. आणि आत पाऊल टाकताच तुम्ही जसे थबकलात, तसा चोर थबकला नाही. तो इथे रोज येत होता. रोपांना पाणी घालत होता. हे पांढरे केस रोज बघत होता, आणि त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही."

"आंधळा होता का तो?"

"नाही. डोंगरावरचा होता."

सूफ्रिएरच्या उतारावर बल्ब कधी नव्हते. तिथे डिसेंबरात गांजाचं प्रत्येक झाड फुलतं. पिढ्यान्‌पिढ्या फुलत आलं आहे. डोंगरावर वाढलेल्या माणसाला डिसेंबरात न फुललेलं झाड दिसलं, तरच तो दचकेल.

आणि आयांच्या खोलीची किल्ली हाती असलेला, कलमांना रोज पाणी घालणारा डोंगरावरचा माणूस एकच होता.

६

तिने लेनरॉयला बोलावलं. नॅन्टन दाराशी उभा राहिला.

"कलमं तरी वाचली," ती म्हणाली. "कशी वाटताहेत?"

लेनरॉय ओळीतून चालत गेला. जाताजाता त्याने एका शेंड्याखाली प्रेमाने बोट धरलं, लहान मुलाची हनुवटी उचलावी तसं. "छान धरलीत. डिसेंबर आहे ना. ह्या दिवसांत ती अशीच येतात."

"हो. डोंगरावर."

त्याने वर पाहिलं. मग वरच्या बल्बांकडे पाहिलं. शिकलेला माणूस होता. सगळं कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याचं बोट मात्र शेंड्याखालीच राहिलं.

"काल संध्याकाळी तुम्ही लख्ख दिव्यांखाली आयांना पाणी घातलंत," एलरिटा म्हणाली. "ज्या लाइनवर दोनेक आठवडे वीज नव्हती त्या दिव्यांखाली. ज्या जमिनीवरचं शेवाळ वाळून भुगा झालंय त्या जमिनीवर. झाडं कुठे आहेत, लेनरॉय?"

त्याने बोट काढून घेतलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज एकदम थंड होता.

"दुसऱ्या बेटावर. माशांच्या पेट्यांतून गेली. जिवंत आहेत, नीट आहेत. तिथे आमच्या नावावर वाढतील."

"आमच्या?"

"माझ्या. तुम्हाला काय वाटतं, हे काँक्रीट आमचं आहे? कंपनीने दिवे दिले, पत्रे दिले, आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत सगळं परत घेतलं. दोन वर्षांत म्हातारे इथे झाडू मारत असते. त्यांना मी किती समजावलं! ते म्हणतात, लेनरॉय शिकलाय, तो बघेल. मी बघितलं."

"आणि मामाला कुंपणाशी उभं केलं."

"मामाला काही होणार नव्हतं. म्हाताऱ्याला कोण शिक्षा करतं?"

"तीनदा केली आहे," एलरिटा म्हणाली. "कंपनी लुटणार होती, तर ते ओरडून सांगायचं होतं. मी ती अट कशासाठी लिहिली होती? आया संस्थेच्याच राहाव्यात म्हणून. तू कंपनीच्या आधी हात मारलास, एवढाच फरक. आणि गुन्हा त्या माणसाच्या गळ्यात बांधलास, ज्याने घर सोडून ती झाडं डोक्यावर घेतली."

"तुमच्याकडे काय पुरावा आहे? फुलं?" लेनरॉय नॅन्टनकडे वळला. "सार्जंट, मी आत्ता काही बोललो नाही. झाडं आधी गेली असतील. मामाने आधी नेली असतील. कुंपणाशी मी उभा होतो का, की तो?"

नॅन्टनने एलरिटाकडे पाहिलं. त्याला आता नाताळची घाई उरलेली दिसत नव्हती. "बाई, वकील उभा राहिला तर हेच म्हणेल. म्हातारा आणि भाचा मिळून. म्हाताऱ्याला तिथे कुणी बोलावलं, हे तो स्वतः बोलल्याशिवाय मी त्याला सोडू शकत नाही."

७

पापा झीकने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "फुललीत?"

"हो."

"मीही पाहिली होती. गेल्या रविवारी. म्हटलं, बरं झालं, ह्या काँक्रीटमध्येसुद्धा त्यांना ऋतू कळतो." तो हसला नाही. "फुलणं सोडून परत पानावर येतील?"

"दिवे आत्ताच लावून आलेय. वेळ लागेल. आधी वेडीवाकडी पानं येतील, मग नीट. ती आयांचीच कलमं आहेत, पापा. त्यांच्यातूनच नव्या आया होतील. तसं मी अहवालात लिहीन आणि परवाना राहील. पण तुम्ही चोरांत असाल तर राहणार नाही."

म्हातारा तळहात गुडघ्यांवर ठेवून बसला.

"तुम्ही त्याला वाचवताय," एलरिटा म्हणाली. "आणि तो तुम्हाला म्हातारा म्हणून खर्ची घालतोय. मला याचा राग येतो. तुम्हाला येत नाही?"

"पोरी, तुझ्या रागाने माझं काय होतं?" त्याचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मी त्याला ह्या खांद्यावर बसवून डोंगर चढलो. शिपाई आले की त्याला आरारूटच्या वाफ्यात लपवायचो आणि मी पुढे होऊन हात द्यायचो, कारण त्यांना कुणीतरी एक हवा असायचा. कुणीतरी एक मिळाला की ते शोधत नाहीत. मला वाटलं, तो बघून शिकेल." तो थांबला. "तो शिकला. शिपायांना एक द्यायचा असतो, एवढंच शिकला."

मग तो नॅन्टनकडे वळला.

"लिही. लेनरॉय पॉम्पी, माझा भाचा. काल दुपारी तो म्हणाला, मामा, आयांची छाटणी केलीय, पाला तुमच्या शेळ्यांना घेऊन जा. मागच्या कुंपणाशी या, पहाटे, पुढून आलात तर इंजिनिअर आरडाओरडा करेल. पोतं मोठं आणा. तोच म्हणाला, पोतं मोठं आणा. लिहिलंस?"

"लिहिलं, पापा."

"नीट लिही. पुन्हा विचारू नकोस."

सही करून तो उठला. नॅन्टनने गाडी देऊ केली.

"नको. पोलिसांची गाडी दारात थांबली की वेरोनाला काहीतरी कळेल, आणि ते माझ्या तोंडून नसेल. मी चालत जातो."

"मी येऊ?" एलरिटाने विचारलं.

"ये. बाहेर थांब."

रस्त्यावर माणसं भेटत होती. आनंदाने हाक मारत होती, पापा सुटले, पापा सुटले. तो प्रत्येकाला मान हलवत गेला आणि कुणाजवळ थांबला नाही. वेरोनाच्या घरातून केक भाजल्याचा आणि रमचा वास येत होता. तो पायरीवर क्षणभर उभा राहिला, मग आत गेला.

आधी बहिणीचा आवाज आला, भरून वाहणारा. देवाचे आभार, सोडलं त्यांनी, बस, लेनरॉय कुठे आहे, तो सकाळपासून जेवला नाही. मग पापा झीकचा आवाज, इतका खालचा की शब्द कळत नव्हते. तो बराच वेळ चालला.

"खोटं," वेरोना म्हणाली. "कुणी सांगितलं पोलिसांना हे? कुणी नाव दिलं माझ्या पोराचं?"

"मी," पापा झीक म्हणाला. "मी दिलं, वेरोना."

आतून केकचं भांडं जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. एलरिटाने फाटकाची कडी धरली आणि ती तिथेच उभी राहिली. त्याने बाहेर थांब म्हटलं होतं.